विषाची परीक्षा

वर्तमानपत्राचे पहिले पान बातम्यांचे, आणि अग्रलेखाने आपल्या आतल्या जागी मुकाट्याने बसावे, हा शिरस्ता आम्ही आजवर पाळीत आलो. आज तो मोडीत आहोत, आणि तोही मंत्रिमंडळातील फेरबदलासाठी किंवा निवडणुकीच्या निकालासाठी नव्हे, तर सापासाठी! काही वाचकांना याचे हसू येईल. नांदेड आणि लातूर ही आता महानगरपालिकांची शहरे झाली. साप हा खेड्यातल्या माणसाचा प्रश्न, अशी शहरातल्या सुशिक्षिताची समजूत असते. परंतु ज्यांची घरे नांदेडात तरोड्याच्या किंवा विष्णुपुरीच्या अंगाला, आणि लातुरात औसा रस्ता अथवा बार्शी रस्ता धरून शहराच्या शिवेवर उभी राहिली आहेत, त्यांना पावसाळ्याच्या तोंडी याविषयी विचारून पाहावे. काल-परवापर्यंत जेथे तूर आणि ज्वारी डोलत होती तेथे आज बंगल्यांच्या रांगा आहेत. जमीन बिगरशेती झाल्याची नोटीस सापावर कोणी बजावलेली नाही. तो आपला पूर्वीच्याच वाटेने उंदराच्या मागावर येतो आणि त्याला वाटेत न्हाणीघर लागते.

मग फोन खणखणतो आणि सर्पमित्र येतो. बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण. कोणी रिक्षा चालविणारा, कोणी महाविद्यालयात शिकणारा, कोणी दुकानात कामाला असलेला. जेवणाच्या ताटावरून उठून, स्वतःच्या पेट्रोलने, तो घटकाभरात दारात उभा राहतो. साप धरतो, बरणीत किंवा पिशवीत घालतो. वास्तविक काम येथे संपले. पण नेमका याच वेळी दुसरा अंक सुरू होतो. भोवती जमलेल्या मंडळींचे मोबाइल वर झालेले असतात. खुद्द घरमालकच म्हणतात, ‘‘जरा काढून दाखवा ना, मुलांना पाहू द्या.’’ आणि नुकताच बरणीत गेलेला नाग पुन्हा अंगणात येतो. शेपूट एका हातात, फणा दुसऱ्या हाताच्या तळव्यासमोर! कोणी त्याला गळ्यात घेतो, कोणी फण्यावर ओठ टेकवितो. टाळ्या पडतात. चित्रफीत संध्याकाळपर्यंत गावभर फिरते आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र वर्तमानपत्रात येते. कोणत्या वर्तमानपत्रात, असे कोणी विचारील तर आम्हाला मान खाली घालावी लागेल. अशी छायाचित्रे आम्हीही छापली आहेत, आणि त्याखाली ‘धाडसी’ हे विशेषण आमच्याच टेबलावर जोडले गेले आहे.

सर्पमित्रांची निंदा करण्यासाठी हा लेख नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी साप दिसला की काठी शोधावयाची, आणि काठी मिळेपर्यंत आरडाओरडा करावयाचा, एवढीच सर्पविद्या सामान्य माणसाला अवगत होती. उंदरांचा फडशा पाडून शेतकऱ्याचे धान्य राखणारी बिचारी धामणसुद्धा त्या काठीतून सुटत नसे. हे चित्र ज्यांनी पालटले त्यांत या तरुणांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मागे एक आदर्शही आहे. १९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे हे ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास राहिले आणि सुखरूप बाहेर आले. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. त्या बहात्तर तासांनी महाराष्ट्राला एक गोष्ट शिकविली: साप डिवचल्यावाचून चावत नाही. दुर्दैव असे की, पुढच्या पिढीतील अनेकांनी वाक्याचा उत्तरार्ध तेवढा ध्यानात ठेवला. ‘चावत नाही’ हे लक्षात राहिले, ‘डिवचल्यावाचून’ हे विसरले. शेपटाला धरून लोंबकळविणे याहून अधिक डिवचणे ते कोणते?

हाताने साप धरण्यात नेमका धोका कोठे आहे, हे जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण या बाबतीत धीट माणसाचे अज्ञान भित्र्या माणसाच्या अज्ञानापेक्षा महाग पडते. मानेमागे पकड घेतली की साप हतबल झाला, असे पाहणाऱ्याला वाटते. नागाच्या बाबतीत ते काही अंशी खरे असेलही. घोणशीच्या बाबतीत मुळीच नाही. तिचे विषदंत लांब, बिजागरीवर मिटणारे आणि उघडणारे. पकड अर्ध्या बोटाने ढिली झाली तरी ती जबडा वाकडा करून एक दात बोटात रुतविते, आणि विषाला एक दात पुरतो. तिचे शेपूट धरावे तर जाडजूड शरीराला हिसका देऊन ती जे अंतर तोडते त्याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. फुरसे वीतभर दिसते म्हणून त्याला कोणी मोजीत नाही. वस्तुतः त्याच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. मण्यार दिवसा मरगळलेली, दोरीसारखी पडून असते, डोके वेटोळ्यात लपविते. तीच रात्री निराळी होते. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही राहत नाही. खरचटले असेल म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. काही तासांनी पापण्या जड होतात, शब्द बोबडे पडतात आणि मग श्वास थांबू लागतो. गारुड्याच्या टोपलीतील नाग ‘दात पाडलेला’ असतो म्हणून निर्धास्त राहणारे लोक आहेत. विषदंत पाडला तरी त्याच्यामागे नवा तयारच असतो. काही आठवड्यांत तो जागेवर येतो, हे त्यांना ठाऊक नसते. इतकेच काय, नुकत्याच मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेही चावू शकते.

पट्टीचे पोहणारेच बुडतात, ही म्हण या क्षेत्राइतकी कोठेही खरी ठरलेली नाही. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधील प्राणिशास्त्राचे माजी प्रमुख, सर्पशास्त्रातील जगन्मान्य नाव. १९५७ च्या सप्टेंबरात ओळख पटविण्यासाठी प्राणिसंग्रहालयाकडून आलेला एक आफ्रिकी साप त्यांनी हातात घेतला. साप लहान होता आणि त्या जातीच्या दंशाला त्या काळी विद्वान फारसे भीत नसत. अंगठ्यात एकच दात लागला. श्मिट घरी गेले, आणि शास्त्रज्ञच ते, आपल्या शरीरात काय काय होते आहे याची टिपणे करीत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वारले. टिपणे राहिली. दुसरे उदाहरण अलीकडचे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे जो स्लोविन्स्की २००१ मध्ये म्यानमारच्या उत्तरेकडील रानात होते. पिशवीत बिनविषारी साप आहे असे समजून त्यांनी हात घातला. आत मण्यारीच्या जातीचा साप होता. मदतीला हेलिकॉप्टर पावसामुळे पोहोचू शकले नाही. ३८ व्या वर्षी तो माणूस गेला. आपल्याकडे मण्यार आणि बिनविषारी कवड्या, किंवा घोणस आणि डुरक्या घोणस, यांत अशीच गल्लत होते. ज्या ठिकाणी स्लोविन्स्की फसले तेथे विजेरीच्या उजेडात, मागून पन्नास माणसे ओरडत असताना, आमच्या तरोड्यातला तरुण फसणारच नाही, असा भरवसा कोणी द्यावा?

यावर ‘लस आहे ना!’ हे उत्तर तयार असते. पहिली गोष्ट अशी की, ती लस नव्हे. लस आधी टोचून घेतात आणि ती पुढे येणाऱ्या रोगापासून वाचविते. सर्पदंशावर जे देतात ते प्रतिविष, म्हणजे दंशानंतरचे औषध. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना थोडेथोडे टोचून त्यांच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात, त्यांपासून ते बनते. १८९९ मध्ये प्लेगच्या काळात मुंबईत उभ्या राहिलेल्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या जोडलेले आहे. विष गोळा करण्याचे मोठे काम चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची, १९७८ मध्ये स्थापन झालेली, सहकारी संस्था करते. (हे इरुळा साप हाताने धरतात, असा दाखला आमच्या तोंडावर फेकला जाईल. धरतात खरे. पण ती पिढीजात विद्या आहे, परवाना आहे, किती साप धरावयाचे याची मर्यादा आहे, आणि विष काढल्यावर साप सोडून दिला जातो. तेथे अंगण नाही आणि टाळ्या नाहीत.)

या औषधाचा हिशेब वाचकांनी समजून घ्यावा. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सुमारे सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात त्याच्या दसपट विष ओतू शकते. म्हणून सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात, आणि पुढे आणखी. ते घोड्याच्या रक्तातून आलेले असल्याने काहींच्या शरीराला मानवत नाही. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, आणि विषाआधी औषधाचीच प्रतिक्रिया सांभाळण्याची पाळी डॉक्टरांवर येते. ज्याने हे औषध पूर्वी घेतले आहे त्याला हा धोका अधिक. ‘मला पाच वेळा चावला, काही झाले नाही’ असे अभिमानाने सांगणारे सर्पमित्र भेटतात. त्यांना कदाचित कोरडा दंश झाला असेल, म्हणजे सापाने विष सोडलेच नसेल. विष गेले असेल तर त्यांची स्थिती सुरक्षित तर नाहीच, उलट विषाचीही त्यांना तीव्र वावडी निर्माण झालेली असू शकते. शिवाय प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. निकामी झालेले मूत्रपिंड किंवा सडलेले बोट ते परत आणीत नाही. मण्यारीने बंद पाडलेला श्वास यंत्राने चालवावा लागतो. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, हे आपले भाग्य. पण किनवट-माहूरच्या डोंगरातून नांदेड शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि विष घड्याळ पाहून थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. या कुप्या कोणासाठी आहेत?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. वर्षाला सरासरी ५८ हजार. ही माणसे सापाशी खेळत नव्हती. ती भाद्रपद-आश्विनात वाकून सोयाबीन कापीत होती, बनीम उपसत होती, कडब्याची पेंढी उचलत होती. वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री उसाला पाणी द्यायला अनवाणी गेलेला सालगडी त्यांत आहे. आखाड्यावर जमिनीवर अंथरूण टाकून निजलेले पोर त्यांत आहे. माळवदाच्या घरात सरपणात हात घालणारी म्हातारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची गणना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली. ‘दुर्लक्षित’ हा शब्द तेथे शास्त्रीय अर्थाने असला तरी मराठवाड्यात तो शब्दशः खरा आहे. केंद्र सरकारला सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करावयास २०२४ साल उजाडावे लागले, आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीने ठेवा असे राज्यांना त्याच वर्षाअखेरीस सांगण्यात आले. सालगड्याला निवड नव्हती. त्याचा पाय सापावर पडला. अंगणात नाग नाचविणाऱ्याला निवड होती. दोघेही एकाच रुग्णालयात, एकाच कपाटातील कुप्यांसाठी येतात, हे आठवले म्हणजे त्या टाळ्यांचा आवाज कानाला सहन होत नाही.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून विंचूदंशाच्या आणि सर्पदंशाच्या रोग्यांवर सारे आयुष्य काम केले. विंचूदंशावरील त्यांच्या उपचाराची नोंद जगाने घेतली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रात्री-अपरात्री खाटेशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवणे, यातून ते शास्त्र उभे राहिले. मराठवाड्याच्या तरुणांपुढे विषाशी झुंजण्याचा हाही एक नमुना आहे. त्याची चित्रफीत मात्र कोणी काढली नाही.

एका गोष्टीचे आम्हाला नवल वाटते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेणाऱ्या खेडुताला आपण अडाणी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या कायद्याने, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. पण मंत्राने विष चढत नाही असे समजणारा खेडूत, आणि हिमतीने विष चढत नाही असे समजणारा पदवीधर, यांत फरक किती? बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवरून हाच वाद पेटत आला आहे. तेथे जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक निघे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांनी ती प्रथा थांबली. २०२५ च्या नागपंचमीपूर्वी केंद्रीय पर्यावरण खात्याने २१ जणांना, परंपरागत ज्ञानाच्या शिक्षणासाठी म्हणून, अटी घालून नाग पकडण्याची अनुमती दिली. शिराळकरांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण ज्या कायद्याने मिरवणूक बंद केली तोच कायदा आमच्या गल्लीतील अंगणालाही लागू आहे, हे शिराळ्याला नावे ठेवणाऱ्या शहरी सुधारकांनी विसरू नये. शिराळ्यात वर्षातून एकदा होत होते ते आता दर आठवड्याला मोबाइलवर होते, इतकेच.

या साऱ्याला तोंड फुटण्याचे निमित्त म्हणजे राज्य शासनाची घोषणा. २०२५ च्या जुलैत शासनाच्या वतीने सांगण्यात आले की, सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचा विचार आहे. हेतू चांगला आहे. आजवर या मुलांना वाऱ्यावर सोडले होते. एखाद्याचा बळी गेला की चार दिवस हळहळ आणि पुन्हा मागच्याप्रमाणे चालू. परंतु प्रशिक्षणाआधी ओळखपत्र देणे म्हणजे वाहन चालविता येते की नाही हे न पाहता परवाना देणे होय. उलट, खिशात सरकारी पत्र आले की प्रदर्शनाला राजमान्यता मिळाल्यासारखे होईल. केरळने २०२० मध्ये या बाबतीत आधी नियम केले. वनखात्याचे प्रशिक्षण घेतल्यावाचून प्रमाणपत्र नाही. आकडा आणि पिशवी वापरावयाची, हाताने धरावयाचे नाही, आणि पकडलेल्या सापाचे प्रदर्शन करावयाचे नाही. तरीही २०२२ मध्ये त्याच राज्यातले सुप्रसिद्ध वावा सुरेश हे साप पोत्यात घालीत असताना नागाने मांडीला चावल्याने मृत्यूच्या दारातून परत आले. नियम असूनही असे घडते; नियमच नसतील तेथे काय घडेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

‘काठीने काम होत नाही, कपाटामागे अडकलेला साप हातानेच ओढावा लागतो,’ असे अनुभवी सर्पमित्र म्हणतात. आम्ही त्यांच्याशी तज्ज्ञांच्या थाटात वाद घालणार नाही. अशा दहा प्रसंगांत एखादा तसा असेल. पण मग कपाट हलवावे, चार माणसे बोलवावीत, अर्धा तास थांबावे. साप पिशवीत शिरेल असा अंधारा मार्ग, म्हणजे पिशवीच्या तोंडाला बसविलेली नळी, पुढे केली तर तो बहुधा स्वतःच आत जातो, कारण त्याला लपावयाचेच असते. यात शौर्य दिसत नाही हे खरे. आणि काम झाल्यावर पिशवी उघडण्याची गरज कपाटामागे नसते, ती अंगणात असते. तिच्यासाठी कोणतेही तांत्रिक कारण आजवर कोणी सांगितलेले नाही. सापही मरू नये, काठीही मोडू नये आणि माणूसही वाचावा, यासाठी हजार-दोन हजार रुपयांचा आकडा, एक जाड पिशवी आणि पायात बूट एवढेच लागते. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन महानगरपालिकांनी आपल्या हद्दीतील सर्पमित्रांना एवढे साहित्य द्यावयाचे ठरविले तर तो खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा जास्त होणार नाही.

आणि शेवटी आपला, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांचा, प्रश्न. आपल्या न्हाणीघरातला साप नेणाऱ्या मुलाला आपण चहा देतो, पाठ थोपटतो, पेट्रोलचे पैसे विचारीत नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला जे देतो तेही देत नाही, कारण हे म्हणे ‘सेवाकार्य’. मोबदल्यात आपण त्याला देतो ती टाळी, आणि टाळी हेच ज्याचे वेतन आहे तो खेळ वाढवीत नेणारच. ‘जरा काढून दाखवा’ हे शब्द आपल्या तोंडून निघतात. दंश मात्र त्याच्या हाताला होतो. त्या मुलाच्या घरी आई असते. साप धरावयास गेलेला मुलगा परत येईपर्यंत ती जेवत नाही.

आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे. आजपासून या पत्रात हातात, गळ्यात किंवा डोक्यावर साप घेतलेल्या कोणाही व्यक्तीचे छायाचित्र छापले जाणार नाही. मग ती व्यक्ती सर्पमित्र असो, लोकप्रतिनिधी असो की चित्रपटातली नटी. वार्ताहरांना तशा सूचना गेल्या आहेत. साप सुरक्षितपणे पकडून निसर्गात सोडल्याची बातमी आम्ही आनंदाने देऊ, पकडणाऱ्याच्या नावासह देऊ, आणि त्यासोबत छायाचित्र हवेच असेल तर तोंड बांधलेल्या पिशवीचे पाठवावे.